डॉक्टर फाउस्टवर विसंबलेली माणसं

मे २०१२. परळीच्या उन्हात तुम्ही वैद्यनाथाच्या पायऱ्या चढताय. दगड इतका तापलाय की पाय टेकवत नाही. गाभाऱ्यात रांग सरकते, तुम्ही बेल वाहता आणि लिंगाला हात लावता. मार्कंडेयाला मरणातून सोडवणारा हा देव; त्याच्या पोटात अमृत आहे, असं इथे लहानपणापासून ऐकलेलं. खाली उतरलात की मात्र जो तो एकच बोलतोय: गावातल्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एक बाई गेली. तिला आधीच्या मुलीच होत्या. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. या प्रकरणातल्या डॉक्टर दांपत्याला पुढे २०१९ मध्ये न्यायालय दोषी ठरवेल. आज या रस्त्यावर त्यातलं कुणालाच काही ठाऊक नाही, फक्त आवाज खाली आलेत.

विसंबणारीच मरते, ही गोष्ट जुनी आहे. इथूनच मागे चला, दोनशे चाळीस वर्षं.

१४ जानेवारी १७७२, फ्रँकफुर्ट. थंडीने बोटं वळत नाहीत. कॅथरीना बुरुजातल्या तुरुंगात टेबल मांडलंय: तळलेली सॉसेजेस, गोमांस, कार्प मासा, वासराचं मांस, १७४८ सालची वाइन. शिरच्छेदाआधीचं हे रिवाजाचं जेवण. ज्या पोरीच्या नावानं ते मांडलं, ती सुझाना मार्गारेता ब्रांट, फक्त ग्लासभर पाणी पिते. ती सराईतली मोलकरीण. गेल्या ऑगस्टमध्ये धुण्याच्या खोलीत रात्री एकटी बाळंत झाली, मूल मारलं, पळाली आणि परतताना वेशीवर धरली गेली. मुलाचा बाप एक वाटसरू सोनार होता. तो केव्हाच निघून गेला. चौकशीत ती म्हणाली, सैतानानं करवलं. तुमच्या डोळ्यांदेखत तिला बाहेर नेतात. तलवार चालते.

बुरुजापासून जवळच्याच एका घरात बावीस वर्षांचा वकील राहतो. त्याचं नाव योहान वोल्फगांग गटे. ही पोर त्याच्या मनातून जात नाही, आणि त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकात तिची ग्रेट्शेन होते.

आता नाटकात शिरा. विंदा करंदीकरांनी १९६५ मध्ये ‘फाउस्ट’चा पहिला भाग मराठीत आणला, त्यामुळे वाट आपल्या पायाखालची आहे. ईस्टरचा दिवस आहे आणि तुम्ही शेतकऱ्यांच्या घोळक्यात उभे आहात. फाउस्टबद्दल बोलताना सैतानाशी केलेला सौदा सगळे सांगतात; तो डॉक्टर होता, हे मात्र मागे पडतं. म्हातारा शेतकरी पेला पुढे करतो, दुवा देतो, कारण साथीच्या दिवसांत फाउस्ट आणि त्याच्या वडिलांनी घरोघर जाऊन औषधं दिली होती. सगळे टोप्या काढतात. गर्दी मागे पडली की फाउस्ट आपल्या शिष्याला सांगतो: आमच्या औषधांनी साथीपेक्षा जास्त माणसं मारली, आणि वाचलेले आम्हालाच आशीर्वाद देतात.

त्याची श्रद्धा आधीच गेली आहे. आदल्या रात्री विषाचा प्याला ओठाशी होता. चर्चच्या घंटांनी त्याला अडवलं, तेही बालपण आठवलं म्हणून. देव आठवला म्हणून नव्हे. मला या नाटकात सगळ्यात भयंकर वाटते ती ही गोष्ट: श्रद्धा हरवलेला माणूस धडधाकट फिरत राहतो आणि त्याच्यावर श्रद्धा ठेवणारे मरतात. त्याच्या प्रेमात पडलेली ग्रेट्शेन त्याला सरळ विचारते, तुमचा देवधर्मावर विश्वास आहे का? तो आभाळाएवढं बोलतो आणि उत्तर देत नाही. मग तिच्या आईला गाढ झोप लागावी म्हणून ग्रेट्शेनच्या हातात थेंबांची कुपी ठेवतो, काही अपाय होणार नाही असं सांगतो. आई उठतच नाही. ग्रेट्शेन मेरीमातेपुढे फुलं ठेवून रडते, चर्चमध्ये बेशुद्ध पडते, त्याच्यापासून झालेलं मूल बुडवते आणि कोठडीत वेडी होते.

अजून एक थांबा आहे, वायमार, १७८३. गटे आता चौतीस वर्षांचा, ड्यूकच्या सल्लागार मंडळात. योहाना ह्योन नावाच्या मोलकरणीनं नवजात मूल मारलंय. ड्यूक कार्ल ऑगुस्टच्या मनात आहे की अशा मुलींना मृत्युदंड नको, दुसरी शिक्षा असावी. सल्लागारांची मतं मागवली जातात. टेबलाशी वाका आणि वाचा: गटेनं मृत्युदंड कायम ठेवण्याच्या बाजूनं मत दिलंय. २८ नोव्हेंबरला योहानाचं डोकं उडवलं जातं.

ग्रेट्शेनची कोठडी तोवर लिहून झाली होती. त्या पहिल्या खर्ड्याची नक्कल वायमार दरबारातल्या लुईझ फॉन ग्योखहाउझेननं करून ठेवलेली, ती १८८७ मध्ये सापडली. तिच्यात सैतान म्हणतो, हिचा निवाडा झाला, आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. १८०८ च्या छापील पुस्तकात वरून एक आवाज येतो: ही तरली. त्या एका शब्दावर लोक दोनशे वर्षं डोळे पुसत आले आहेत. मलाही तो हवासा वाटतो. पण तो गटेनं आभाळातून आणला. १७८३ मध्ये, योहाना जिवंत असताना, तोच शब्द त्याला कागदावर लिहिता आला असता.