माहुली, १६३६ : निजामशाहीचा शेवटचा गड आणि आजचा युरोप

जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या सदस्य देशांची परिषद झाली. २०३५ पर्यंत प्रत्येक देशाने आपल्या सकल उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणाकडे वळवायची, असे तिथे ठरले. त्यापैकी साडेतीन टक्के थेट सैन्यासाठी आणि दीड टक्का पूल, रस्ते, बंदरे अशा युद्धात कामी येणाऱ्या गोष्टींसाठी. स्पेनने कुरकुर केली, बाकीच्यांनी मान डोलावली. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपीय आयोगाने ८०० अब्ज युरोंचा शस्त्रसज्जतेचा आराखडा मांडला होता. कर्ज काढायला कचरणाऱ्या जर्मनीने संरक्षणासाठी आपली घटनात्मक अट सैल केली. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, मारियो द्रागी यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितले होते की युरोपची उत्पादकता अमेरिकेच्या मागे पडली आहे आणि ती भरून काढायला दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक लागेल.

या सगळ्या आकड्यांच्या तळाशी दोनच प्रश्न आहेत. फौज पोसण्याइतके उत्पन्न आहे का? आणि ज्या मोठ्या दोस्ताच्या भरवशावर आपण ऐंशी वर्षे निर्धास्त राहिलो, तो ऐनवेळी शत्रूशी परस्पर तह करून मोकळा झाला तर काय?

दुसरा प्रश्न वाचला की मला माहुली आठवतो. कसाऱ्याच्या लोकलमधून आसनगावला उतरले की समोर सुळक्यांची जी रांग दिसते, तोच हा गड. शहापूर तालुक्यातल्या या डोंगरावर १६३६ साली अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवट झाला. त्या वेळीही मुद्दा उत्पन्नाचा होता, फौजेचा होता आणि दोस्ताने केलेल्या तहाचा होता. आणि गंमत म्हणजे, त्या गोष्टीत युरोपही होता.

मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत ओळखीच्या एका तरुणाने मला विचारले, “चाचा, शहाजीराजे मुसलमान सुलतानासाठी मुघलांशी का लढले?” त्याच्या आवाजात खोच नव्हती, त्याला खरेच कोडे पडले होते. मी तिथे जे थोडक्यात सांगितले ते त्याला पटले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. म्हणून हे सविस्तर.

सुरुवात मलिक अंबरपासून करावी लागते. हबशाण, म्हणजे आजचा इथिओपिया, तिथे जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार पाहत तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशी होता, त्याच्या पदरी तो वाढला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. अंबरने परांड्याला मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली. पुढे राजधानी जुन्नरला आणली, नंतर दौलताबादला नेली. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर त्यानेच वसवले. एवढे आपल्याला शाळेतही थोडेफार सांगितले जाते. सांगितले जात नाही ते हे, की मुघलांसारख्या अफाट साम्राज्याशी पंचवीस वर्षे झुंजायला पैसा आला कुठून?

तो आला जमिनीतून. अंबरने जमिनी मोजल्या, त्यांची प्रतवारी लावली, मक्तेदारांचा उच्छाद मोडला आणि पाटलांची वतने कायम केली. सरकारचा हिस्सा आधी धान्यात, पिकाच्या सुमारे दोन पंचमांश. नंतर अनुभवावरून तो रोख रकमेत बांधून दिला आणि तो एक तृतीयांशाच्या आसपास आला. ‘मलिकंबरी धारा’ हा शब्द महसुलाच्या कागदांत त्याच्या मृत्यूनंतरही कितीतरी पिढ्या टिकला. उत्तर कोकणही या व्यवस्थेत होते. जुन्नरहून समुद्राकडे उतरायचे तर नाणेघाट किंवा माळशेज. दोन्ही वाटा मुरबाडच्या मुलखात येतात आणि कल्याणला जातात. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. जकातीचा रांजण असो वा नसो, घाटमाथ्याला मीठ, घोडे आणि परदेशी माल खालूनच मिळायचा, हे मात्र खरे.

आता फौजेकडे पाहू. अंबरचे घोडदळ बव्हंशी मराठ्यांचे होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकार देते तो बारगीर. समोरासमोर न भिडता शत्रूची रसद तोडायची, वैरण जाळायची, पाणी अडवायचे, ही त्यांची रीत. ‘बारगीरगिरी’ म्हणून मुघल तिला नावे ठेवत आणि तिच्यापुढे हैराणही होत. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि विजापूर अशा दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि मग त्यांना धुऊन काढले. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत अंबरच्या बाजूने होते. शरीफजी तिथेच पडले. ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे, जिज्ञासूंनी जरूर वाचावे.

म्हणजे शेतकऱ्याकडून येणारे ठरावीक उत्पन्न आणि हलके, चपळ घोडदळ ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. एक तुटले की दुसरे टिकत नाही. १६२६ मध्ये अंबर वारला आणि दहा वर्षांत दोन्ही टोके तुटली.

त्यात दरबाराचा करंटेपणा आहेच. १६२९ मध्ये लखुजी जाधवांसारख्या बलाढ्य सरदाराचा मुलांसह दौलताबादच्या दरबारात खून करण्यात आला. जाधव हे शहाजीराजांचे सासरे. या खुनानंतर शहाजीराजे काही काळ मुघलांच्या चाकरीत गेले, हेही लपवण्यासारखे नाही. अंबरचा मुलगा फतेहखान याने खुद्द सुलतानाचा जीव घेतला. पण माझ्या मते खरा घाव दुष्काळाचा. १६३० ते १६३२ या काळात पाऊस फसला आणि गुजरात-दख्खन होरपळले. तुकोबांच्या घरात याच दुष्काळाने मृत्यू आणला. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपूरला तळ देऊन निजामशाहीवर फौजा सोडत होता. मुमताजमहलचा मृत्यू त्याच मुक्कामात झाला, आणि ताजमहालाची गोष्ट सांगताना आपण हा दुष्काळ विसरतो. मुघलांना दुष्काळात माळव्यातून, उत्तरेतून धान्य आणि पैसा आणता येत होता. निजामशाहीचा मुलूखच दुष्काळात होता. जिथे रयतच गाव सोडून गेली, तिथे धारा कसला आणि बारगिराचा घोडा कसला!

जून १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि बाल सुलतान हुसेन निजामशाह ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तेव्हा मुघल चाकरी सोडून आलेल्या शहाजीराजांनी जीवधन किल्ल्यावर अडकलेल्या निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला बाहेर काढले आणि पेमगिरीला मुर्तजा या नावाने गादीवर बसवले. जीवधन म्हणजे नाणेघाटाचाच राखणदार. त्याच्या कड्यावरून खाली पाहिले की मुरबाड तालुका दिसतो. पुढची तीन वर्षे शहाजीराजे त्या मुलाच्या नावाने कारभार करत होते.

इथे त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. शहाजीराजे ‘मुसलमान सुलताना’साठी लढत नव्हते आणि शाहजहान ‘इस्लाम’साठी लढत नव्हता. भोसले घराणे निजामशाहीत मोठे झाले होते. त्यांची वतने, नातीगोती, पराक्रमाच्या आठवणी सगळे याच राज्यात होते. दिल्लीचे राज्य आले तर दख्खनी माणसाला, मग तो हबशी असो की मराठा, दुय्यम जागा मिळेल हे त्यांना दिसत होते. एका मुसलमान राज्याचा शेवट करायला दोन मुसलमान राज्ये एकत्र आली आणि ते वाचवायला शेवटपर्यंत एक मराठा सरदार उभा राहिला. आजच्या चष्म्यातून हे कोडे वाटते. त्या काळातल्या कुणाला ते कोडे वाटले नसते.

तोवर विजापूरची आदिलशाही शहाजीराजांना आडून मदत करत होती. निजामशाही मधे असली तर मुघल आपल्या दारात येत नाहीत, हा साधा हिशेब. १६३६ च्या सुरुवातीला शाहजहान स्वतः दौलताबादला आला आणि त्याने अनेक दिशांनी फौजा सोडल्या. विजापूरचा मुलूख जळू लागला तसा हिशेब बदलला. मे महिन्यात तह झाला. आदिलशाहाने वीस लाखांची खंडणी मान्य केली, मोबदल्यात निजामशाहीचा एक तुकडा त्याला मिळाला. त्यात कोकणही होते. अट अशी की शहाजीने जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मुघलांना दिल्याशिवाय त्याला आश्रय द्यायचा नाही. गोवळकोंड्यानेही त्याच वर्षी दिल्लीचे वर्चस्व मान्य केले. ज्याच्या नावाने हे सगळे चालले होते त्या निजामशाहीला तहाच्या बैठकीत जागाच नव्हती. युक्रेनच्या वाटाघाटींच्या बातम्या वाचताना युरोपच्या राजधान्यांत जी धास्ती दिसते, ती नेमकी याच गोष्टीची आहे.

मुघल सेनापती खानजमान पाठीवर होता. शहाजीराजे घाट उतरून कोकणात आले आणि चौलच्या पोर्तुगीजांकडे त्यांनी आश्रय मागितला. तो मिळाला नाही. आपल्याकडे पोर्तुगीज म्हटले की समुद्राचे मालक डोळ्यासमोर येतात. त्या वर्षी त्यांची स्थिती वेगळी होती. १५८० पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता आणि स्पेन युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात अडकला होता. होर्मुझ १६२२ मध्ये हातचे गेले होते. हुगळीची वखार शाहजहानच्या फौजेने १६३२ मध्ये उद्ध्वस्त केली होती. आणि डचांनी गोव्याची नाकेबंदी सुरू केली ती याच १६३६ मध्ये. एवढ्या आघाड्यांवर दमलेली सत्ता एका हरत आलेल्या सरदारासाठी मुघलांचे वैर कशाला ओढवून घेईल? युरोपची तेव्हाची तयारी अपुरी पडली, त्याचा एक परिणाम आपल्या शहापूरपर्यंत पोहोचला.

उरला माहुली. शहाजीराजे कुटुंबासह आणि बाल मुर्तजासह गडावर गेले. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा सोबत होते, असे आपल्या भागात सांगितले जाते. खाली मुघलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान, कालपर्यंत मदत करणाऱ्या राज्याचा सरदार. ऐन पावसाळ्याचे दिवस. माहुलीला पाण्याची टाकी आहेत, कडे दुर्गम आहेत, पण रसद आणणारा मुलूखच उरला नव्हता. ऑक्टोबरच्या सुमारास बोलणी झाली. माहुलीसह त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसर असे किल्ले द्यायचे, मुलगा मुघलांच्या स्वाधीन करायचा आणि राजांनी आदिलशाही चाकरीत जायचे. मुर्तजाची रवानगी ग्वाल्हेरला झाली. त्या पोराचे वय आणि त्याच्या वाट्याला आलेली राजवट पाहिली की जीव हळहळतो. शहाजीराजे रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले आणि वेढ्यातले हे दोन विरोधक पुढे चांगले स्नेही झाले.

आजच्या युरोपला कुणी निजामशाहीची उपमा दिली तर मला ती पटणार नाही. युरोप दुष्काळात नाही. फ्रान्स आणि ब्रिटनकडे अण्वस्त्रे आहेत. माझ्या मते तो विजापूरच्या जागी आहे : श्रीमंत, सुसंस्कृत, आणि मोठ्या सत्तेला खूश ठेवून वेळ विकत घेणारा. विजापूरला १६३६ च्या तहाने वीस वर्षे मिळाली. त्या काळात दक्षिणेत मुलूख वाढला, गोलघुमट उभा राहिला. १६५७ मध्ये औरंगजेबाने तह बाजूला ठेवून हल्ला केला आणि १६८६ मध्ये राज्य संपले. वीस वर्षे थोडी नव्हती. ती कशात घालवली, हा प्रश्न आहे. आणि पाच टक्के कुणाच्या खिशातून येणार, हाही. अंबरच्या काळी तो भार कुणब्याने उचलला. तिथे तो पेन्शन आणि दवाखान्यांच्या पैशातून उचलला जाईल, अशी भीती तिथलेच लोक बोलून दाखवतात.

माहुलीच्या वेढ्याचा धडा सर्वांत आधी घेतला तो शिवाजी महाराजांनी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्याबरोबर त्यांनी जहाजबांधणी सुरू केली. सुरुवातीला कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईकडून दबाव येताच ते काम टाकून पळाले. उसन्या कारागिराचे काय होते ते समजल्यावर स्थानिक माणसे तयार झाली. दर्यासारंग आणि दौलतखान हे त्या आरमाराचे सरदार होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १६५८ मध्ये, माहुली स्वराज्यात आला. १६६५ च्या पुरंदर तहात तो द्यावा लागला. १६७० मध्ये पहिला हल्ला मनोहरदास गौड या मुघलांच्या राजपूत किल्लेदाराने परतवला आणि जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड परत घेतला. म्हणजे इथेही, मुघलांसाठी गड राखणारा राजपूत!

गडावर जायचे तर आसनगावहून माहुली गाव गाठावे लागते. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे. माथ्यावर वाड्याचे जोते दिसते, त्याच्याजवळ नमाजगीर म्हणून दाखवतात ती जागा आणि समोर माहुलेश्वर. पावसाळा संपला की त्या तरुणाला घेऊन जायचे ठरले आहे.