टर्फचा दोष, मग मुंबईचं काय?

आमच्या शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची वस्ती, त्यामुळे नाक्यावर हॉकीचे वाद अजून रंगतात. भारत हरला की उत्तर ठरलेलं: १९७६ला माँट्रियलमध्ये कृत्रिम टर्फ आलं आणि आपली हॉकी संपली. तिथे आपण सातवे आलो, खरंच.

पण १९८२चा वर्ल्ड कप मुंबईत झाला, गवतावर. मैदान आपलं, प्रेक्षक आपले, दीड वर्षापूर्वीचं मॉस्कोचं सुवर्ण खिशात. तरी पाचवे! जिंकलं पाकिस्तान, जवळजवळ आपल्याच शैलीने. फायनलला पश्चिम जर्मनीवर ३-१. माझा जन्म खूप नंतरचा, तरी तो पाचवा नंबर मला माँट्रियलच्या सातव्यापेक्षा जास्त बोचतो. नाक्यावर मात्र १९८२चं नाव कुणी काढत नाही. मी काढलं की विषय क्रिकेटवर जातो.