तळटीप : ट्रफल आणि वारुळावरची अळंबी

३. ‘कुत्र्यांच्या नाकावर चालणारे म्हातारे’ : लेखकाचा रोख ‘द ट्रफल हंटर्स’ (२०२०) या माहितीपटाकडे आहे. मायकेल ड्वेक आणि ग्रेगरी कर्शॉ यांनी तो इटलीतल्या पिएमाँत भागात चित्रित केला. त्यातले वयोवृद्ध शोधकरी आपल्या जागांचा पत्ता कुणालाही लागू देत नाहीत.

ट्रफल ही ओक, हेझल, पॉप्लर अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी. वाऱ्यावर बीजाणू सोडता येत नाहीत, म्हणून ती उग्र वासाने प्राण्यांना बोलावते. ते उकरून खातात आणि विष्ठेतून बीजाणू पसरतात. पूर्वी ट्रफल शोधायला डुकरेही असत, पण ती सापडलेला मालच फस्त करीत आणि मुळे उचकटून टाकीत. इटलीच्या १९८५च्या कायद्याने हा शोध कुत्र्यांवर सोपवला. लागोत्तो रोमान्योलो ही कुरळ्या केसांची जात त्यात विशेष वाकबगार. युनेस्कोने २०२१ मध्ये इटलीतील ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात अळंबी शोधताना मात्र कुत्र्यावाचून भागते.

भीमाशंकरच्या डोंगररांगेत पावसाळ्यात निघणारी वारुळावरची अळंबी डोळ्यांना दिसते. वाळवी पालापाचोळा चावून जमिनीखाली त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी पोसते आणि पाऊस मुरला की तिचीच छत्री माती फोडून वर येते. त्यामुळे वारूळ ठाऊक असले की निम्मे काम झाले. वाळवीची सोबत सुटली तर ही बुरशी तग धरत नाही; धिंगरीसारखी तिची शेती होत नाही, ती याच कारणाने.