भाषा किती येते? टप्प्याटप्प्याने मोजण्याची रीत

एखाद्याला अमुक भाषा ‘येते’ असे आपण सहज म्हणतो. पण तिच्यातले नेमके काय येते, हे क्वचितच विचारले जाते. घरी आजीशी अस्खलित बोलणाऱ्या नातवाला तीच भाषा वाचता येत नाही. उलट जर्मन तांत्रिक पुस्तिका सहज वाचणारा अभियंता दूरध्वनीवर दोन वाक्ये बोलताना अडखळतो. ठरावीक वयात सर्व अंगांची एकत्रित परीक्षा घेऊन एकच निकाल हाती ठेवणारी पद्धत या दोघांनाही न्याय देऊ शकत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नोकरी-संसार सांभाळून शिकणारे प्रौढ यांची अडचण तर अधिकच मोठी असते.

या प्रश्नाला व्यापक उत्तर मिळाले ते युरोपात. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषाज्ञानाची सामायिक चौकट प्रसिद्ध केली. ‘ए-१’ पासून ‘सी-२’ पर्यंतच्या तिच्या सहा पायऱ्या आता पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहेत. शिकणाऱ्याला काय येत नाही, यापेक्षा तो त्या भाषेत काय करू शकतो, यावर तिचा भर आहे.

याच विचाराचा एक धाडसी प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तेथील सरकारने २००२ मध्ये राष्ट्रीय भाषा धोरण जाहीर केले आणि त्यातून ‘लँग्वेजेस लॅडर’ म्हणजे भाषांची शिडी उभी राहिली. तिच्या आधारे ‘ओसीआर’ या परीक्षा मंडळाने ‘ॲसेट लँग्वेजेस’ या परीक्षा सुरू केल्या. श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होई. चारही परीक्षा देण्याची सक्ती नव्हती आणि वयाची अटही नव्हती. एकाच व्यक्तीला संभाषणात वरची, तर लेखनात प्राथमिक पायरी मिळू शकत असे आणि त्यात कमीपणा मानला जात नसे.

या योजनेत पंचवीस भाषा होत्या. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांच्याबरोबर गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली, हिंदी आणि तमिळ यांनाही स्थान होते. लेस्टरमधल्या गुजराती कुटुंबातील ज्या मुलीने लिपी कधी गिरवलीच नाही, तिच्या बोलण्याचीही अधिकृत नोंद होण्याची सोय त्यामुळे झाली. घरात कानांवर पडून आलेली भाषा हीदेखील एक पात्रता आहे, असे परीक्षा मंडळाने मान्य केले, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व होते.

तरीही ही योजना टिकली नाही. सुरू झाल्यानंतर दशकभरातच तिचा गाशा गुंडाळला गेला. परीक्षार्थी थोडे असले तरी प्रश्नपत्रिका, परीक्षक आणि प्रमाणीकरण यांचा खर्च फारसा कमी होत नाही. पुढे २०१५ मध्ये कमी विद्यार्थ्यांच्या भाषांतील शालान्त परीक्षाच बंद करण्याचे तेथील मंडळांनी योजले, तेव्हा गुजराती आणि बंगालीही संकटात आल्या. बरीच ओरड झाल्यावर २०१६ मध्ये सरकारने त्यांतील अनेक परीक्षा चालू राहण्याची व्यवस्था केली. लवचिक प्रमाणपत्राची कल्पना कितीही न्याय्य असली, तरी तिला सरकारचे पाठबळ आणि नोकरी देणाऱ्यांची मान्यता लागते, हाच याचा धडा.

शिडी गेली, पण तिच्यामागचे तत्त्व अन्यत्र जिवंत आहे. मॅक्सम्युलर भवनात घेतल्या जाणाऱ्या गटे संस्थेच्या ‘बी-१’ परीक्षेचे चार विभाग २०१३ पासून स्वतंत्रपणे देता येतात. त्यामुळे लेखनात अनुत्तीर्ण झालेल्याला केवळ लेखनाचीच परीक्षा पुन्हा देता येते. फ्रेंचची ‘डेल्फ’ मात्र एकत्रित असते. तीत शंभरपैकी पन्नास गुण आणि प्रत्येक विभागात पंचवीसपैकी किमान पाच गुण आवश्यक असतात. एकदा मिळालेली ही पदविका आयुष्यभर ग्राह्य राहते. जपानीच्या ‘जेएलपीटी’ परीक्षेत तर संभाषण आणि लेखन यांची चाचणीच नसते. म्हणून कोणतेही प्रमाणपत्र घेताना किंवा उमेदवाराकडे मागताना, ते नेमक्या कोणत्या कौशल्याची ग्वाही देते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

इंग्लंडच्या त्या पंचवीस भाषांत मराठी नव्हती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. तेथे आणि इतरत्रही मराठी घरांतली तिसरी पिढी आज मराठी बोलते, पण अनेकदा वाचत नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्या सन्मानाला साजेशी, बोलण्यापासून लेखनापर्यंतची प्रत्येक पायरी वेगळी मोजणारी शिडी मराठीसाठी उभी राहिली, तर या मुलांना आपली भाषा ‘अर्धवट’ न वाटता पुढची पायरी चढण्याजोगी वाटेल.