सूर्याबाईची रूपे

सवतीने तळ्यात ढकललेली सूर्याबाई सोनेरी सूर्यफूल होऊन उमलली. सवतीने ते जाळविले, तेव्हा राखेतून आम्रवृक्ष उगवला. त्याचे फळ दूधवालीच्या चरवीत पडले आणि त्यातून सूर्याबाई पुन्हा प्रकटली.

ही लोककथा १८६५-६६ च्या हिवाळ्यात, दख्खनच्या दौऱ्यावर, ॲना लिबेराता डिसोझा या ख्रिस्ती आयाबाईने मुंबईच्या गव्हर्नरांची कन्या मेरी फ्रिअर हिला सांगितली. १८६८ मध्ये ती ‘ओल्ड डेक्कन डेज’ या इंग्रजी ग्रंथात छापली गेली. ॲनाचे लिंगायत आजोबा गोव्याजवळ ख्रिस्ती झाले होते. कथा तिला आजीने दिल्या. बाप्तिस्म्याने घराण्याचा धर्म बदलला, पण आजीच्या ओठांवरील कथा बुडाली नाही. आपल्या घरांतील अशा कथा आजीबरोबर कबरीत जाऊ नयेत. त्या वेळीच लिहून घ्याव्यात.