नाका गेला, वही आली

वर्ध्यात ‘आर्वी नाका’ म्हटले की रिक्षावाला बरोबर पोहोचवतो. नाका म्हणजे कर घेण्याची जागा, हे मात्र नव्या पिढीला सांगावे लागते. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि त्यांना राज्याच्या अनुदानाकडे पाहावे लागले. महापालिकांत जकात चालूच राहिली.

१ एप्रिल २०१३ पासून नागपूर, पुणे अशा महापालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. वर्धा नगरपालिका असल्याने तो इथे नव्हता. पण नागपूर पाऊणशे किलोमीटरवर, तिथला बंद आम्हालाही जाणवतो. व्यापारी संघटनांचा राग मुख्यतः पद्धतीवर होता. जकात नाक्यावर भरली की संपत असे. आता दुकानदाराने नोंदणी करायची, वह्या ठेवायच्या, विवरणपत्र भरायचे आणि तपासणीचा धाक सोसायचा. व्हॅट होताच.

एप्रिल-मे २०१३ मध्ये बाजारपेठा बंद राहिल्या. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी कर ठेवला. बंदने साधले नाही ते सत्तांतराने साधले. १ ऑगस्ट २०१५ पासून फडणवीस सरकारने ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना करातून वगळले. महापालिकांची तूट राज्याने भरून द्यायची ठरली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला.

व्यापाऱ्यांची तक्रार खोटी होती, असे मी म्हणत नाही. पण शहरांच्या कमाईची किल्ली मुंबईला गेली. दुकानदाराच्या पाठीशी संघटना होती. रस्ता, नळ आणि दिवाबत्तीचे शिष्टमंडळ कोण नेणार?