पऱ्या कोणाच्या मालकीचा?

पावसाळ्यापुरता वाहणारा लहानसा ओढा म्हणजे आमच्याकडचा पऱ्या. त्याला नाव नसते. उन्हाळ्यात प्लॉट बघायला येणाऱ्याला तिथे पाचोळ्याने भरलेला एक चर दिसतो, इतकेच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सड्यावरचे हे पाणी खाडीपर्यंत नेण्याचे काम पिढ्यानपिढ्या हे बिननावाचे पऱ्येच करत आले आहेत.

जुन्या लोकांना याची जाण होती. जांभ्याचा गडगा रचताना पाण्याच्या वाटेवर तळाशी भोक ठेवत. घराचे जोते उंच घेत. पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या खळ्यात पडले तर भांडण व्हायचे, आणि ते वाडीतच मिटायचे. भांडण मात्र फार जुने आहे बरे का! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम आहेत. घरातून पाणी बाहेर जाणाऱ्या वाटेला पुरेसा उतार हवा, नाहीतर ५४ पण दंड. म्हणजे पाण्याचा निचरा हा घरमालकाच्या मर्जीचा विषय नाही, हे तेव्हाही ठरलेले होते.

इंग्रजांनी १८८२ मध्ये सुविधाधिकारांचा कायदा केला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण कोकणासाठीच लिहिले असावे असे मला नेहमी वाटते. वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक पात्रातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या उतरू देणे, हा वरच्या मालकाचा हक्क आहे. खालच्याने ते अडवायचे नाही. सगळी मेख ‘नैसर्गिकरीत्या’ या एका शब्दात आहे. आंबा-काजूच्या बागेतून झिरपत येणारे पाणी नैसर्गिक, हे कोणीही मान्य करील. पण त्याच बागेचे तीस प्लॉट पाडले, डांबरी रस्ते केले, अंगणात फरशा बसवल्या आणि सगळे पाणी एका पाइपातून खाली सोडले, तर ते नैसर्गिक कसे म्हणायचे?

थोडा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे जमीन. तिच्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात पाच लाख लिटर पाणी होते. झाडीच्या, पाचोळ्याच्या जमिनीतून त्यातला साधारण पाचवा हिस्सा लगेच वाहून गेला असे धरा, म्हणजे एक लाख लिटर. छपरे आणि काँक्रीट झाले की दहातले नऊ भाग वाहतात. साडेचार लाख! पाऊस तोच, जमीन तीच. क्षेत्रफळ, पावसाचा वेग आणि वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करायची ही रीत आयर्लंडच्या मुलव्हेनी नावाच्या अभियंत्याने १८५१ च्या सुमारास मांडली आणि आजही लहान क्षेत्राची गटारे याच हिशेबाने आखतात. सातवीच्या मुलाला जमेल असे गणित आहे.

पण गणित येणे वेगळे आणि गटार बांधणे वेगळे. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला आणि ५० मिलिमीटरचा हिशेब धरा असे सांगून गेला. बरीचशी कामे रेंगाळली. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता हे खरे, पण बारा वर्षे गेली तीही गेलीच. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र नियमपुस्तिका यायला २०१९ साल उजाडले. तोवर हा विषय मैलापाण्याच्या पुस्तकातले एक प्रकरण होता.

अमेरिकेत १९७० नंतर अनेक ठिकाणी नव्या वसाहतींना एक साधी अट घातली गेली. घरे बांधण्याआधी जितक्या वेगाने पाणी बाहेर पडत होते, त्याहून जास्त वेगाने ते नंतर पडता कामा नये. जास्तीचे पाणी तळ्यात थोपवा आणि सावकाश सोडा. या अटीत खालच्या शेजाऱ्याचा विचार आहे.

आपल्याकडे महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय तिने बंधनकारक केली. चांगलेच आहे. मात्र आमचा जांभा वरून सच्छिद्र आणि त्याखाली चिकणमातीचा थर. सड्यावर जिरलेले पाणी त्या थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झरे होऊन निघते. खालच्या विहिरी त्यावरच जगतात. पण हेच पाणी उताराच्या कडेला खड्ड्यात कोंबले तर दरड सुटायची भीती! तेव्हा खड्डा कुठे खणायचा हे जागा पाहूनच ठरवायला हवे. ठळक काठ नसलेला लहान प्रवाह सखल जमिनीतून जात असेल, तर प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या मार्गाने आणि मापाने तो वळवता येतो, अशीही तरतूद आहे. माझ्या मते पऱ्यांचे भवितव्य याच तरतुदीत अडकले आहे. काठ ठळक नसणे हाच तर पऱ्याचा स्वभाव.

त्यात आमचे गाव वाढले ते नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी या ग्रामपंचायती. कोकण रेल्वे आली आणि तिकडच्या जमिनींना भाव आला. आता वरचा उतार एका हद्दीत, खालचा दुसऱ्या हद्दीत. जमीन महसूल अधिनियमाच्या विसाव्या कलमाप्रमाणे, खाजगी मालकीचे नसलेले नदीनाले सरकारचे. पण मोजणीच्या नकाशावर जो पऱ्या नाहीच, त्याचा मालक कोण?

आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला मध्यंतरी एक ले-आऊट पडला. सगळे रीतसर, बिगरशेती परवानगीसह. पऱ्या बुजवून त्या जागी बारा इंची पाइप टाकला. पहिल्याच आषाढात खालच्या तीन घरांत गुडघाभर पाणी शिरले. एका म्हातारीचे वर्षाचे तांदूळ भिजले. आम्ही चौघे कागद घेऊन कचेरीत गेलो. पाइप मंजूर नकाशाप्रमाणेच आहे, असे उत्तर मिळाले, आणि नकाशा पाहिला तर ते खरेच होते. पाइप किती तासांच्या, किती पावसाच्या हिशेबाने धरला, असे मी विचारले. तो हिशेब फाइलमध्ये नव्हता. तो लेखी मिळावा म्हणून अर्ज देऊन आलो आहोत. म्हातारीच्या घरात यंदा मृगाच्या आधीच तांदळाचे पिंप माळ्यावर गेले.